बोलेरोच्या बॅटरीवर लसीचा फ्रीज

शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाआधी द्यावी लागते, आणि आमच्याकडे पावसाआधी म्हणजे मे महिना. पहिला पाऊस पडून कोवळं गवत फुटलं की शेळ्या त्यावर तुटून पडतात. पोटातले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू वाढतात, त्यांचं विष भिनतं, आणि संध्याकाळी धडधाकट चरून आलेली शेळी सकाळी गोठ्यात मरून पडलेली दिसते. औषध करायला वेळच मिळत नाही. पाऊस लागल्यावर लस द्यायला जाऊ म्हटलं, तर काळ्या मातीच्या रस्त्यात गाडी रुतते, पोडापर्यंत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीपर्यंत, पोचत नाही. म्हणून काम उरकायचं ते मृग लागायच्या आत. म्हणजे नेमकं नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत.

लसीला मात्र 2 ते 8 अंश लागतात. बाहेर 45. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर 50 च्या वर. हे अंतर कापायचं कसं, हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. लस टोचायला कुणीही शिकतं. टोचलेल्या बाटलीत जीव होता की नुसतं पाणी उरलं होतं, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कळतं ते जुलैमध्ये, एखाद्या बाईच्या दोन बोकडांची किंमत गेल्यावर.

मी पशुसखी आहे, म्हणजे गावोगावी जनावरांची लस-औषधं पाहणारी कार्यकर्ती, पांढरकवडा-झरी भागात काम करते. आमचा शेळीपालक बायकांचा गट आहे. बहुतेकींकडे आपल्या विदर्भाच्या बेरारी शेळ्या, कुणाकडे चार, कुणाकडे पंधरा. पशुवैद्यक डॉक्टर साहेब लसीकरणाचं ठरवून देतात, मोठ्या शिबिराला स्वतः येतात, बाकी आम्ही करतो. गाडी माझ्या दिराची, जुनी डिझेल बोलेरो. गट डिझेल आणि भाडं देतो.

आधी आम्ही सगळे वापरतात तशीच लसीची थर्मास पेटी वापरायचो, चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या लावून. पेटी वाईट नाही. बंद ठेवली तर दिवसभर थंड राहते. पण शिबिरात ती बंद राहत नाही. एक बाटली काढली, झाकण उघडलं, पुन्हा दहा मिनिटांनी उघडलं, आणि दुपारी बाराला आत पाण्यात तरंगणाऱ्या बाटल्या. शिवाय बर्फ जमवायला रात्रभर वीज पाहिजे. मे महिन्यात वावटळ उठली की गावठाण फिडर जातो तो कधी कधी सकाळपर्यंत येत नाही. आणखी एक धोका असा की फ्रीझरमधून थेट काढलेल्या दगडासारख्या बर्फाला बाटली टेकली तर लस गोठते. आंत्रविषार, घटसर्प, लाळ्या खुरकूत या लसी गोठल्या की संपल्या. वितळल्यावर दिसायला तशाच, फार तर जरा दाणेदार, गाळ लवकर तळाशी बसतो. गुण मात्र गेलेला असतो. उष्णतेची सगळ्यांना भीती असते, गोठण्याची कुणालाच नसते, आणि माझ्या मते दुसरी चूक जास्त होते.

गटाच्या बैठकीत गाडीवर चालणारा छोटा फ्रीज घ्यायचं ठरलं तेव्हा मी विचारपूस सुरू केली. बाजारात दोन जातीचे मिळतात आणि दोन्ही दिसायला सारखेच, झाकण वरून उघडणारे. एक जात स्वस्त. त्यात कॉम्प्रेसर नसतो, वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती असते. ती बाहेरच्या हवेपेक्षा 15 ते 20 अंशच कमी करू शकते. पुण्या-नाशकाच्या थंडीत चालत असेल. आपल्याकडे 45 मधून 20 गेले तरी 25 उरले. वर ती चकती एकसारखी वीज ओढते, थांबत नाही. दिराच्या मित्राकडे तसला डबा होता. त्यात थर्मामीटर ठेवून पाहिला आणि विषय तिथेच संपवला.

दुसरी जात खऱ्या कॉम्प्रेसरची. घरच्या फ्रीजसारखीच रचना, फक्त कॉम्प्रेसर 12 किंवा 24 व्होल्टवर चालतो. हवं तेवढं थंड झालं की आपोआप थांबतो, गरज पडली की पुन्हा सुरू होतो. आम्ही 20 लिटरचा घेतला. पाटीवर 45 वॅट लिहिलेलं, म्हणजे चालू असताना 12 व्होल्टला चारेक अँपिअर. वरून उघडणारा असल्यामुळे झाकण उघडलं तरी थंड हवा जड म्हणून तळाशीच राहते. लसीला असाच पाहिजे.

दिराचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करणारा पोरगा म्हणाला होता, "काकू, इन्व्हर्टर लावू ना, घरचाच लहान फ्रीज चालवू." त्याला मी हिशोब मांडायला लावला. बारा व्होल्टचे आधी 230 करायचे, त्यात दहा-पंधरा टक्के वीज वाया. फ्रीज थांबलेला असला तरी इन्व्हर्टर स्वतःसाठी वीज खात राहतो. आणि घरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, लहान इन्व्हर्टर तिथेच बसतो. हिशोब झाल्यावर त्यानेच वहीचं पान उलटलं.

फ्रीजसोबत सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची वायर येते. ती खोचली, फ्रीज सुरू झाला, सगळे खूश. गाडी चालू असताना बरा चालायचा. गाडी बंद केली की थोड्या वेळात फ्रीजच्या पडद्यावर बिघाड दाखवणारा आकडा यायचा आणि कॉम्प्रेसर थांबायचा. मग आपोआप सुरू, पुन्हा बंद. बॅटरीच्या दुकानात गाडी नेली तर काउंटरवरूनच सांगितलं, "बॅटरी बसली ताई, नवी टाका." दीर पैसे काढायच्या तयारीतच होता. मी म्हटलं, "भाऊजी, थांबा, आधी मोजून पाहू."

पुतण्याने आयटीआयमधून मल्टिमीटर आणला. ती मोजणी मी इथे पूर्ण सांगते, कारण अख्ख्या कामात तिच्याइतकं उपयोगी काही नव्हतं आणि मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी बंद, फ्रीज चालू. मीटरच्या काड्या बॅटरीच्या खांबांना लावल्या, 12.4 व्होल्ट. बॅटरी ठीक. मग त्याच वेळी फ्रीजच्या प्लगपाशी लावल्या, 11.2. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या झटक्याला तोच आकडा 11 च्या खाली. आमच्या फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी तीन पातळ्या आहेत, वरची पातळी 11.1 ला फ्रीज बंद करते. म्हणजे फ्रीज आपलं काम बरोबर करत होता. बॅटरीही बरोबर होती. मधल्या वाटेत सव्वा व्होल्ट हरवत होता.

कुठे हरवत होता तेही सापडलं. सॉकेटला बोट लावलं तर चांगलाच चटका. आतली स्प्रिंग सैल, प्लग हलतो, आणि डॅशबोर्डमागची वायर करंगळीच्या नखाहून बारीक. ती सिगारेट पेटवण्यापुरती टाकलेली असते, तासन्‌तास चार-पाच अँपिअर वाहून न्यायला नाही. शेतात ठिबक टाकणाऱ्याला हे लगेच समजतं. लांब ओळीला बारीक नळी टाकली तर मोटर कितीही मोठी असो, शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही.

हिशोब सोपा आहे. बोलेरोत पुढच्या बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत वायर वळवत नेली की पाचेक मीटर होते, जायची आणि यायची मिळून दहा. दीड एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरीत पाच अँपिअरला एवढ्या लांबीत साधारण 0.6 व्होल्ट पडतो. सहा एमएमला 0.15. दहा एमएमला 0.1 पेक्षाही कमी. बारा व्होल्टच्या कामात अर्धा व्होल्ट म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. घरच्या 230 मध्ये अर्धा व्होल्ट कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून घरची वायरिंग करणारे चांगले मिस्त्रीसुद्धा गाडीत बारीक वायर टाकून मोकळे होतात.

आम्ही दहा एमएमची घेतली, पुढे दुसरी बॅटरी टाकायची वेळ येईल हे धरून. पांढरकवड्याचे एक वायरमन भाऊ, ट्रॅक्टर आणि ट्रकची कामं करतात, त्यांच्याकडून बसवून घेतली. त्यांनी विचारलं, "ताई, एका डब्यासाठी एवढी जाड वायर कायले पाह्यजे? चार एमएममध्ये होऊन जाते." मी त्यांना मल्टिमीटरचे दोन आकडे दाखवले. त्यानंतर मात्र त्यांनी जे काम केलं ते मन लावून. वायरीच्या टोकाची थिंबल चिमट्याने नीट दाबली, वर नळी गरम करून चढवली. इंजिनच्या बाजूने आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवला, नाहीतर पत्र्याची धार वायर खाते. उणे बाजूची वायर चेसिसला न जोडता सरळ बॅटरीपर्यंत नेली. जुन्या गाडीच्या गंजलेल्या नटबोल्टवर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांचंच म्हणणं आणि मला पटलं.

फ्यूज कुठे लावायचा यावरून थोडी चर्चा झाली. फ्रीजच्या प्लगमध्ये आधीच एक फ्यूज असतो, मग दुसरा कशाला, असा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण प्लगमधला फ्यूज फ्रीजला सांभाळतो. बॅटरीपासून मागेपर्यंतची पाच मीटर वायर कोण सांभाळणार? पोडाच्या रस्त्याला हादरे बसून वायर कुठे घासली आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी त्या वायरीत शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, बाजूला डिझेलची नळी, ग्रीस, चिंध्या. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अधिक खांबापासून एका वितेच्या आत पाहिजे. बाकी सगळं स्वस्तातलं चालेल, यात कुणाचंही ऐकू नये.

मागच्या बाजूला लायटरचं सॉकेट न लावता ई-रिक्षाच्या चार्जिंगला असतो तो जाड जोड लावला. घट्ट बसतो, हादऱ्याने सुटत नाही, ई-रिक्षाचं सामान मिळतं तिथे सहज मिळतो. मग पुन्हा मोजलं. बॅटरीपाशी 12.4, फ्रीजपाशी 12.3. तीच बॅटरी, तोच फ्रीज. बंद पडणं थांबलं.

एवढ्यावर काम भागेल असं दिराचं मत होतं. गाडी चालू असेपर्यंत भागतंही. पण शिबिर म्हणजे गाडी सकाळी आठला झाडाखाली उभी राहते ती दुपारपर्यंत. बोलेरोच्या बॅटरीवर 65 एएच, म्हणजे अँपिअर-तास, लिहिलेलं. ते सगळे वापरायचे नसतात. गाडीची बॅटरी स्टार्टरला एका झटक्यात दीड-दोनशे अँपिअर द्यायला बनवलेली असते, हळूहळू तळापर्यंत रिकामी करायला नाही. निम्म्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. स्थिर असताना 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे डिझेल इंजिन फिरेल याची खात्री नाही. आता आमच्या फ्रीजची वरची पातळी आठवा, 11.1. फ्रीज ज्या क्षणी बॅटरीला वाचवतो म्हणतो, त्या क्षणी ती जवळपास संपलेली असते. फ्रीजवर ‘हाय’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पोडावर धक्का मारायला माणसं मिळतात, पण उतार मिळेलच असं नाही. आणि गाडीत एखादी बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस घालून निघायची वेळ कधीही येते, तेव्हा स्टार्टर फिरलाच पाहिजे. त्या गाडीवर गावाचाही हक्क असतो.

म्हणून दुसरी बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर पडून आहे, तीच टाका, असंही सुचवलं गेलं. ती पन्नास किलोच्या घरातली, ॲसिडने भरलेली, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बंद गाडीत माणसं बसलेली असताना ती नको. आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटची 50 एएचची घेतली. वजन पाच-सहा किलो, कलंडली तरी सांडायला काही नाही, आणि तिचे जवळपास सगळे एएच वापरता येतात. 12.8 गुणिले 50, म्हणजे 640 वॅट-तास. फ्रीज अर्धा-पाऊण वेळ चालला तर वीसेक तास, आणि नवतप्यात कॉम्प्रेसर अजिबात थांबला नाही तरी चौदा तास.

ती बॉनेटमध्ये मात्र ठेवायची नाही. इंजिनशेजारी उन्हाळ्यात 60 च्या वर तापमान जातं आणि लिथियमला ते सोसत नाही. आतला संरक्षक सर्किट बोर्ड फार तापल्यावर चार्जिंगच बंद करतो. आमची मागच्या सीटखाली पट्ट्याने आवळलेली आहे.

दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या कशा, इथे वायरमन भाऊंनी रिले सुचवला. इंजिन चालू झालं, व्होल्टेज 13.3 च्या आसपास गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या खाली आलं की तोडतो. दोन्ही ॲसिडच्या बॅटऱ्या असतील तर हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. लिथियमला मात्र अडचण होते. ती नुसती ठेवली तरी 13.2-13.3 दाखवते, त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही रिले तुटायला तयार नसतो आणि तिची वीज पुढच्या बॅटरीत वाहत राहते. दुसरं असं की लिथियम रिकामी असताना मिळेल तेवढा करंट खेचते आणि जुना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, मंद इंजिनवर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावला, 20 अँपिअरचा. तो पुढून ठरावीकच घेतो, मागे लिथियमला लागतं तसं 14.4 पर्यंत देतो, आणि चावी बंद केली की पुढची बॅटरी पूर्ण वेगळी. त्याच दहा एमएमच्या वायरीवर तो बसला, पुढचा फ्यूज तेवढा बदलून 40 चा केला. फ्रीजच्या तोंडाशी वेगळा 15 चा.

याचा सगळ्यात मोठा फायदा रस्त्यावर कळला. तासभर गाडी चालली की वीस अँपिअरने वीस एएच मागे भरले जातात, आणि शिबिराच्या दिवशी आठ तासांत फ्रीज तेवढेच खातो. घरून पोडापर्यंतचा आणि परतीचा रस्ता, एवढ्यात दिवसाची वीज फिटते. इंजिन नुसतं फुरफुरत ठेवून डिझेल जाळायची गरज राहिली नाही.

वीज जुळली. मग तापमानाकडे वळलो, कारण फ्रीजच्या पडद्यावरचा 4 हा आकडा लसीच्या बाटलीचा नसतो. तो फ्रीजच्या भिंतीत जिथे त्याचा सेन्सर बसवलाय तिथला असतो. मी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरलं, प्रत्येकीत तारेच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर सोडला आणि एक तळाशी कॉम्प्रेसरच्या बाजूच्या भिंतीला टेकवून, एक मध्ये, एक वर टोपलीत अशा ठेवल्या. पडदा 4 दाखवत असताना मधली बाटली 4.5 ला होती, वरची 8 ला टेकत होती, आणि भिंतीजवळची शून्याच्या खाली उतरली. तिच्या कडेला बर्फाची साय धरली होती, नखाने सरकवली तर चुर्र असा बारीक आवाज आला. त्या जागी आंत्रविषाराची बाटली असती तर ती फुकट गेली असती, आणि तीही पडद्यावर अगदी योग्य आकडा दिसत असताना.

मग मांडणी बदलत गेलो. तळाला प्लॅस्टिकची जाळीदार ताटली, म्हणजे बाटल्या तळाला टेकत नाहीत. थंड भिंतीला लागून एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या. त्या भिंतीचा गारठा स्वतः घेतात, लसीपर्यंत थेट पोचू देत नाहीत, आणि झाकण उघडल्यावर तापमान धरूनही ठेवतात. लस मधल्या भागात, छोट्या क्रेटमध्ये. वर रिकामी जागा. सेटिंग 5 वर. अशा मांडणीत मधला भाग दिवसभर 4 ते 6 मध्ये राहतो. मधल्या बाटलीतला थर्मामीटर कायमचा तिथेच आहे, त्याची तार झाकणाच्या रबरातून बाहेर काढली आहे, त्यामुळे झाकण न उघडता आकडा दिसतो. तो दर तासाला वहीत लिहायचा. पडद्यावरचा आकडा आम्ही लिहितच नाही.

फ्रीज आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करून ठेवायचा, पाण्याच्या बाटल्यांसकट. लस त्यात थंडच भरायची. हा फ्रीज थंड वस्तू थंड ठेवायला चांगला आहे, कोमट वस्तू उन्हात थंड करायला लावली तर दिवसभर धापा टाकत राहतो. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस पावडरमध्ये येते, ती ज्या द्रावणात कालवायची ते द्रावणही आदल्या रात्रीच आत. कालवल्यावर ती दोनेक तासांत संपवायची असते, त्यामुळे जेवढ्या शेळ्या समोर बांधल्यात तेवढ्यापुरतीच बाटली फोडायची.

जुनी थर्मास पेटी आम्ही टाकली नाही. फ्रीज गाडीत हे कोठार, आणि पेटी हातात. तासाभराला लागतील तेवढ्या बाटल्या एकदाच काढून पेटीत घ्यायच्या आणि गोठ्यागोठ्याने फिरायचं. त्यामुळे फ्रीजचं झाकण दिवसातून मोजक्या वेळा उघडतं. माझ्या पाहण्यात विजेची सगळ्यात मोठी बचत यातच झाली.

नवतप्यातल्या कोलाम पोडावरच्या शिबिरात खरी परीक्षा झाली. गाडी मोहाच्या झाडाखाली लावली, चारही दारं उघडी. सावली सरकते, म्हणून दुपारी गाडी एकदा पलीकडे घ्यावी लागते. फ्रीजवर गोधडी पांघरली, पण कॉम्प्रेसरच्या जाळीची बाजू मोकळी ठेवून. ती जाळी झाकली तर आतली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही आणि फ्रीज स्वतःच्याच गरम हवेत तडफडतो. जाळीसमोर वीतभर जागा लागतेच, पोतं नाही, पिशवी नाही. गाडीतला काटा 44 वर होता. कॉम्प्रेसर पहाटे मधूनमधून थांबायचा, अकरानंतर क्वचितच थांबला. मधली बाटली 6 वर गेली, 7 झाली नाही. दुपारी निघताना लिथियममध्ये निम्म्याहून जास्त वीज शिल्लक होती आणि बोलेरो पहिल्या चावीला सुरू झाली.

एक म्हातारी काठी टेकत गाडीपाशी आली, आत वाकून पाहिलं. "बाप्पा, गाडीत फ्रीज! थंडं पाणी असन तं दे वं माय घोटभर." या फ्रीजमध्ये पाणी, ताक, आइस्क्रीम काहीही ठेवायचं नाही हा आमचा नियम आहे, कारण एकदा ठेवलं की प्रत्येक जण झाकण उघडणार. पण 45 अंशात फ्रीज दाखवून माणसाला पाणी नाही म्हणणं मला जमत नाही. म्हणून शिबिराला थंड पाण्याची कॅन वेगळी नेतो, गटाच्या खर्चातून. म्हातारीला त्यातलं दिलं. तिच्या तिन्ही शेळ्यांना लस झाली होती.

खर्चाचं सांगायचं तर फ्रीज, लिथियम बॅटरी, चार्जर, वायर आणि मजुरी धरून 50 हजारांच्या पुढे गेलं. गटाला ते एकदम झेपलं नाही. आधी फ्रीज आणि जाड वायर, मग पुढच्या हंगामात बॅटरी आणि चार्जर, असं केलं. पैसे कमी असतील त्यांनी हाच क्रम ठेवावा. जाड वायर, खांबाजवळचा फ्यूज आणि मल्टिमीटर एवढं पहिल्या दिवशी पाहिजे. दुसरी बॅटरी येईपर्यंत गाडी बंद असताना दर अर्ध्या तासाने बॅटरीचा आकडा पाहायचा आणि 12.2 दिसला की फ्रीज बंद करून लस पेटीत हलवायची, किंवा इंजिन सुरू करायचं.

सोलर पॅनलचा विचार चालू आहे. 100 वॅटचं पॅनल भर दुपारी पाच अँपिअरच्या आसपास देऊ शकतं, म्हणजे फ्रीज त्यावरच चालेल. पण पॅनल तापलं की उत्पादन घटतं, साधारण प्रत्येक अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर, आणि मे महिन्यात पॅनलची काच हात लावू देत नाही. शिवाय गाडीला सावली हवी आणि पॅनलला ऊन, म्हणून ते टपावर न बसवता लांब वायरीवर वेगळं मांडावं लागेल. पोडावर शेळ्या त्यावर चढणार नाहीत अशी जागा शोधायची आहे.

मारेगावकडच्या एका पशुसखी ताईंनाही त्यांच्या गाडीत हेच बसवायचं आहे. त्यांची गाडी नवी, बीएस-6 ची. नव्या गाड्यांत बऱ्याचदा अल्टरनेटर डिझेल-पेट्रोल वाचवायला स्वतःहून व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे साधा रिले तिथे मध्येच तुटत राहतो. त्यांना सुरुवातीपासूनच डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा लागेल, आणि उणे बाजूची वायर बॅटरीच्या खांबाला जोडायची की कंपनीने दिलेल्या जागेवर, हे आधी विचारून घ्यावं लागेल, कारण काही गाड्यांत त्या खांबावर करंट मोजणारा सेन्सर असतो. मी त्यांना वायरची लांबी मोजून ठेवायला सांगितली आहे. पुतण्या मल्टिमीटर घेऊन येत्या रविवारी सोबत येणार आहे.